वजा एक, देवाचा

ये गं बाय, जवळ ये. तू तिकडे ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर असलीस तरी हे वाचताना माझ्या शेजारी, या पडवीतल्या गार लादीवर मांडी घालून बसली आहेस असं मी मानून चालते. असं मानता येतं. बीजगणितात तर सर्रास मानतात, त्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

पण आधी तुझा कान धरू दे. परवा फोनवर मी एवढंच म्हटलं की आम्ही सासू-सून मिळून गणितं सोडवत होतो, तर तू इतकी हसलीस की मला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. "मावशी, तू आणि एक्स?" म्हणालीस. वर आणखी, "मला तर शाळेत ते कधीच कळलं नाही, तू कशाला त्या भानगडीत पडतेस?" अगं, तू पंधरा वर्षं शिकलीस, मी चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी रद्दीतल्या पेपरांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर शिकले. मग हसायचं कुणी कुणाला? थोडी लाज बाळग, आणि आता गप ऐक. बहिणीची मुलगी म्हणून सोडते.

आमची सून तुला ठाऊक आहे, पण तिची ही गोष्ट तुला ठाऊक नाही. ती आतल्या गावची, भातशेतीच्या घरातली. दहावीला गणितात अडकली. पुन्हा बसली, पुन्हा अडकली. बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं, आणि मग लग्न होऊन इकडे नागावला आली. नारळाची वाडी, मागच्या दोन खोल्यांत शनिवार-रविवारचे पाहुणे, त्यांचा स्वयंपाक, चादरी, वाळूने भरलेल्या मोऱ्या. या धबडग्यात दहा वर्षं कुठे गेली ते तिलाही कळलं नाही.

पण तिच्या हाताला एक गुण आहे. मी विहिरीपाशी घसरून मनगट मोडून घेतलं होतं ना, तेव्हा सहा आठवडे तिने मला आंघोळ घातली, भरवलं, माझी वेणीसुद्धा घातली, आणि एकदाही दुखावलं नाही. आळीत कुणाला ताप आला, कुणाची जखम चिघळली, की पहिली हाक हिला. अशात अलिबागला आजारी माणसांची देखभाल शिकवायचा एक वर्ग निघाला. त्याची जाहिरात तिने कात्रीने कापून फ्रिजला चिकटवली. तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. चौथ्या दिवशी मी भाकरीला पीठ काढायला गेले तर जाहिरात तांदळाच्या पिठाच्या डब्यात.

"हे इथे काय करतंय?"

"काही नाही आई, राहू दे."

"जाहिरातीची भाकरी थापायची आहे का?"

तिने कागद झटकला, पीठ उडालं आणि तिच्या डोळ्यांत गेलं. निदान डोळ्यांत पाणी पिठामुळे आलं असं आम्ही दोघींनी ठरवलं. मग म्हणाली, "दहावी पास पाहिजे त्याला. माझ्याने नाय व्हायचं. आकडे असतात तोवर बरं असतं. मधेच अक्षर येतं आणि माझं डोकं बंद पडतं."

"कसलं अक्षर?"

"एक्स."

"कोण तो?"

"तेच तर काढायचं असतं, आई!"

मला एवढं हसू आलं की मी पिठाच्या डब्यावरच बसले. तीही हसायला लागली. हसता हसता मी बोलून गेले, "फॉर्म भर. मी बसते तुझ्यासोबत. चौथी शिकलेल्या म्हातारीला जमलं तर तुला जमलंच पाहिजे." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण तोवर तिने हात धुवून फोन हातात घेतला होता. दिवाळी नुकतीच झाली होती आणि परीक्षा शिमग्याच्या तोंडावर. हातात चार महिने. पुन्हा अडकली असती तर तिने त्या पुस्तकाला आयुष्यात परत हात लावला नसता. हे तिने मला सांगितलं नाही. तो कागद तिला फेकवेना आणि बघवेनाही, म्हणून पिठात दडवला, त्यावरूनच मला ते कळलं.

आता शिकवायचं कुणी? पलीकडच्या वाडीत एक बाई राहतात, जन्मभर शाळेत गणित शिकवून घरी बसलेल्या. त्यांना आमच्याकडून रोज एक शहाळं जातं. मी शहाळं घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी स्ट्रॉ बाजूला ठेवला. "दहावीचं पुस्तक मिटून ठेवा. सातवीचं आणा. तिचा पाय जिथे घसरला तिथून सुरू करू. आणि वहिनी, तुम्हीही बसणार म्हणताय, तर वही घेऊन यायचं. नुसतं ऐकायला बसलेली माणसं मला खपत नाहीत."

रोज दुपारी तीन ते चार, आमच्या पडवीत. शहाबादी लादीवर खडूने लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. पहिल्या दिवशी बाईंनी टोपलीखाली काही नारळ झाकले, बाहेर पाच ठेवले आणि म्हणाल्या, "एकूण किती?"

मी टोपली उचलायला गेले.

"हात मागे!"

"मग कळणार कसं?"

"कळेपर्यंत थांबायचं नाही. टोपलीखाली जे आहे त्याला एक्स म्हणायचं. एकूण किती? एक्स अधिक पाच. झालं. याला राशी म्हणतात."

सून माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. म्हटलं, "एवढंच? अहो, आमच्याकडे भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणतच नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आकड्याच्या जागी शब्द बसवायची सवय आम्हाला लहानपणापासून आहे." सून चटकन म्हणाली, "आमच्या खळ्यावर पण हेच! माझे बाबा लाभ म्हणायचे." बाई म्हणाल्या, "मग एक्सला घाबरायचं काय कारण?" तिने लादीवर हळूच एक एक्स काढला. मग आणखी एक काढला. जणू विंचू मेलाय की नाही ते काठीने ढोसून बघत होती.

आम्ही मग पैज लावली. जिचं गणित चुकेल तिने नारळ खवायचा. शनिवारी पाहुणे असले की आठ-दहा नारळ सहज लागतात आणि ते काम दोघींनाही नकोसं. पहिले पंधरा दिवस खवणीवर मीच. माझ्या उजव्या दंडाला जो काय बाक आलाय तो बीजगणिताचा आहे हे लक्षात ठेव.

सजातीय पदं मात्र मला एका दमात कळली. तीन एक्स अधिक दोन वाय यांची बेरीज पाच एक्सवाय होत नाही. का होत नाही? कारण नारळ आणि सुपाऱ्या एका ढिगात घालून मोजत नाहीत. बाई म्हणाल्या, "वर्गात तीस वर्षं हे समजावताना माझा घसा बसायचा." मी म्हटलं, "मुलांना वाडीत आणायचं होतं." त्या दिवशी सुनेने नारळ खवला. मी समोर पाटावर बसून चहा प्यायले, भुरके मारत.

सुनेला छळलं ते कंसाने. दोन कंसात एक्स अधिक तीन. ती बिचारी दोन एक्स अधिक तीन असंच लिहायची. बाईंनी तीनदा समजावलं, चौथ्यांदा आवाज चढला. मग मी मध्ये तोंड घातलं. "अगं, आपल्या दोन खोल्या आहेत ना? प्रत्येक खोलीत एक ताट भाकऱ्या आणि तीन सुरमईच्या तुकड्या पाठवायच्या. ताटात भाकऱ्या किती ते माहीत नाही, तो एक्स. दोन खोल्यांना मिळून किती गेलं? तू दोन ताटं भाकऱ्या पाठवल्यास, पण तुकड्या तीनच. दुसऱ्या खोलीतल्यांनी काय भाकरी नुसती वास घेऊन खायची?"

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे देवा, सहा तुकड्या!" खडूचा पांढरा पंजा कपाळावर तसाच उमटला आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर ती तशीच चहा घेऊन गेली. नंतर जन्मात तिचा कंस चुकला नाही. कंस दिसला की ती पुटपुटते, "दुसऱ्या खोलीला पण."

समीकरणाचं मी आमच्या सासूबाईंवर बसवलं. त्या गेल्या, पण न्याय त्यांचा पक्का होता. थोरल्या सुनेला साडी घेतली की धाकटीला घेतलीच. थोरलीच्या ताटातली एक पुरी काढली की माझ्याही ताटातली एक उचलली, भूक असो नसो. डाव्या बाजूला जे कराल ते उजव्या बाजूला करा. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी लादीवर बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना दोन सुना काढल्या, पदर घेतलेल्या.

या सगळ्याचा आवाज किती व्हायचा म्हणून सांगू! "तुमचं चुकलं, आई!" "माझं कशाला चुकतंय, तूच तिकडचं उचलून इकडे आणलंस आणि चिन्ह बदललं नाहीस!" "मी बदललं होतं, तुम्ही पुसलंत!" एक दिवस शेजारची जाऊबाई हातातलं काम टाकून धावत आली. दारातूनच हात जोडून म्हणाली, "जाऊ दे गो, लेकीसारखी हाय ती. काय उचललंन तिने?"

"वजा सात," मी म्हटलं.

ती बिचारी बराच वेळ घरात काय काय कमी झालंय ते बघत राहिली.

आमच्या ह्यांचं तर विचारूच नकोस. ते रोज दुपारी पडवीच्या झोपाळ्यावर डोळे मिटून पडायचे, आणि नेमकं कुणी अडलं की डोळे न उघडता म्हणायचे, "आज सोलकढी आहे ना? मग चुका, चुका, नारळ लागेल."

सूत्रं आली तेव्हा आम्हाला खरी मस्ती चढली. बाईंनी सांगितलं, रोजच्या कामातलं एक सूत्र बनवून आणा. आम्ही दोघींनी चुलीशी बसून भाकऱ्यांचं सूत्र काढलं. मोठ्या माणसाला दोन, लहान मुलाला एक, आणि वर तीन आमच्या ह्यांच्या, त्या पाहुणे आले न आले तरी लागतातच. भ बरोबर दोन म अधिक ल अधिक तीन. सुनेने ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं. शनिवारी सहा मोठे आणि दोन मुलं आली. बारा अधिक दोन अधिक तीन, सतरा. सतरा भाकऱ्या थापल्या आणि बरोबर सतरा संपल्या. आम्ही मोरीत जाऊन नाचलो. पुढच्या शनिवारी व्यायामशाळेतली चार दांडगी पोरं आली, समुद्रात दिवसभर त्या फुगवलेल्या केळ्याच्या होडीवर बसून घुसळून निघालेली. सूत्राने अकरा सांगितल्या. पहिल्या अकरा तर ताट पूर्ण वाढून होईपर्यंतच गेल्या. सून तव्यापाशी घामाघूम, मी परातीपाशी, आणि ती तव्यावरची भाकरी उलथता उलथता ओरडतेय, "आई, सूत्र चुकलं!" मी म्हटलं, "सूत्र बरोबर आहे, पाहुणे चुकलेत!"

मजा मजा म्हणता म्हणता पौष आला. आणि मग ते नारळाचं गणित आलं.

बाईंनी एका कागदावर लिहून दिलं होतं. एका वाडीतून काही नारळ काढले. त्यांचे चार समान ढीग केले. प्रत्येक ढिगात छत्तीस नारळ आले. तर एकूण नारळ किती काढले? सोपं म्हणून दिलं होतं, सुनेला जरा हुरूप यावा म्हणून. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसलो, कुणी कुणाचं बघायचं नाही. दोघींचं उत्तर एकच आलं. एकशे पंचेचाळीस. दोघींचं सारखं म्हणजे बरोबरच. आम्ही टाळी दिली.

बाईंनी वह्या बघितल्या. "चूक."

"दोघींचं?"

"दोघींचं. एकशे चव्वेचाळीस. छत्तीस गुणिले चार. हे तर चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल."

सुनेचा चेहरा एकदम उतरला. मला तिचा तो चेहरा ओळखीचा होता, पिठाच्या डब्याशी बघितलेला. ती वही मिटायला लागली. म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं. सोपं पण येत नाय मला."

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. "तुम्ही दोघींनी एक्स वजा एक, भागिले चार, बरोबर छत्तीस असं लिहिलंय. दोघींनी. वेगवेगळ्या बसून. हा वजा एक कुठून आला?"

"कुठून म्हणजे?" मी म्हटलं. "देवाचा."

"कुणाचा?"

"देवाचा, बाई. नारळ काढले की आधी एक देवाचा बाजूला ठेवतात. तो मोजत नाहीत. मग उरलेल्यांचे ढीग." मला वाटलं यांना एवढंही माहीत नाही, आणि रोज आमचं शहाळं पितात!

सून म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच काढणीला सगळे मोजले होते. आईंनी हातातला नारळ काढून घेतला होता माझ्या."

 बाईंचे खांदे हलायला लागले. मग त्या हसल्या, अगं काय हसल्या! भिंतीला टेकल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा वहीकडे बघितलं आणि पुन्हा हसल्या. झोपाळ्यावरून हे म्हणाले, "बरोबर आहे की एकशे पंचेचाळीस. मी पण तेच काढलं होतं मनात." तेव्हा तर बाईंनी हातातला खडूच फेकून मारला त्यांना.

हसू ओसरल्यावर त्या सुनेच्या समोर सरकून बसल्या. "नीट ऐक. तुझं गणित चुकलेलं नाही. तुझ्या घरातली जी गोष्ट आहे, तिचं समीकरण तू एकटीने मांडलंस, कुणी सांगितलं नसताना. एक वेगळा काढला, चार ढीग केले, उलट्या क्रमाने सोडवत आलीस. चार वेळा छत्तीस, अधिक एक. याच्यापुढे सातवीचं पुस्तक तुला काही शिकवू शकत नाही. फक्त परीक्षेच्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच असतं. तिथे लिहिलं नसेल तर देवसुद्धा नाही."

सूनबाईने त्या वजा एकवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, म्हणजे मला येतंय?"

"येतंय म्हणजे काय! माझ्यापेक्षा अक्षर पण चांगलं आहे तुझं."

ती उठली, परसात गेली आणि विहिरीच्या काठावर उभी राहून मोठ्याने हसली. आत काहीतरी अडकलेलं सुटावं तसं. दुसऱ्या दिवशी बाईंनी दहावीचं पुस्तक काढलं आणि ती न कुरकुरता बसली.

परीक्षेला मी तिच्यासोबत अलिबागला गेले. घरी बसवेना. एसटीत ती खिडकीशी डोळे मिटून ओठ हलवत होती, मला वाटलं जप करतेय, कान देऊन ऐकलं तर "दुसऱ्या खोलीला पण, दुसऱ्या खोलीला पण". मी शाळेबाहेर बदामाच्या झाडाखाली बसले. आजूबाजूला सगळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईबाप. एकीने विचारलं, "नात आहे का आत?" म्हटलं, "सून आहे." ती जरा सरकून बसली आणि मग पुन्हा जवळ आली, म्हणाली, "मी पण दहावी नाही झालेले." दोन तासांत आमची इतकी मैत्री झाली की मी तिला कंस शिकवला.

घंटा झाली. पोरं भराभरा बाहेर आली. ही सगळ्यांत शेवटी. चेहरा पांढरा, केस विस्कटलेले. मी उठून पुढे झाले.

"काय झालं?"

"आई, आंबे आले होते."

"कुठे?"

"पेपरात! मोठ्या टोपलीत लहान टोपलीच्या तिप्पट आंबे, दोन्ही मिळून शहाण्णव. लहान टोपलीत किती?"

"मग?"

"मग काय, हाताला सवय. मी देवाचा काढला. चार एक्स बरोबर पंच्याण्णव असं लिहिलं. भागायला गेले तर पावणेचोवीस आंबे!" ती आता हसत होती की रडत होती ते मला कळेना. "पावणेचोवीस, आई! मी बघतच राहिले. आंबा कापून कोण टोपलीत ठेवतो? मग बाईंचं आठवलं. मी पेन खाली ठेवलं, डोळे मिटून हात जोडले आणि म्हटलं, देवा, आज तुझा आंबा नाय, पेपरात लिहिला नाय. घरचा पिकला की देते. पर्यवेक्षक माझ्याकडे टकमक बघत होते. खाडाखोड करून शहाण्णव लिहिलं. चोवीस आले."

बदामाच्या झाडाखालीच आम्ही बसलो. मी वाळूत काडीने सोडवलं. माझेही चोवीस. पण दोघींचं सारखं आलं म्हणून आता आम्ही थोड्याच टाळी देणार होतो! म्हटलं, ताळा करून बघ. चोवीस आणि त्याच्या तिप्पट बहात्तर. चोवीस अधिक बहात्तर. तिने बोटांवर केलं, मी मनात केलं, आणि त्या नव्या मैत्रिणीने फोनवर केलं. शहाण्णव. तेव्हा कुठे टाळी दिली, तिघींनी.

तरी निकालापर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. एका गणितावर काय होतंय? निकालाच्या दिवशी आमच्याकडे नेहमीसारखं नेटवर्क गेलेलं. तिने फोन माझ्या हातात दिला, म्हणाली तुम्हीच बघा, आणि स्वतः तोंडावर पदर घेऊन, माझ्याकडे पाठ करून विहिरीपाशी उभी राहिली. मी फोन हातात धरून वाडीभर फिरले, गच्चीवर गेले, तिथे कुठे ते पान उघडलं. चष्मा खाली राहिलेला. ह्यांना हाक मारली. ते जिना चढेपर्यंत मला युग गेल्यासारखं वाटलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली ओरडले, "सूनबाई, आज नारळ कोण खवणार? तू तर पास झालीस!"

सत्तेचाळीस मार्क, बाय! गणितात सत्तेचाळीस! ती वर धावत आली, मी खाली धावत निघाले, जिन्यात टक्कर झाली आणि आम्ही तिथेच एकमेकींना धरून आरडाओरडा करायला लागलो. मागच्या खोलीतले पाहुणे बाहेर आले. शेजारची जाऊबाई पुन्हा हात जोडून धावत आली, "आता काय उचललंन?" मी म्हटलं, "आता सगळं उचललंन!" बाई शहाळ्याचा स्ट्रॉ हातात घेऊनच आल्या आणि पडवीत बसून एकट्याच हसत राहिल्या. संध्याकाळी सुनेने देवापुढे एक आंबा ठेवला. कबूल केला होता ना.

आता ती रोज सकाळी पांढरी ओढणी घेऊन अलिबागच्या गाडीला जाते. रक्तदाब मोजायला शिकली. माझा तर दिवसातून तीनदा मोजते, ह्यांचा पाच वेळा, जाऊबाईंचा येता-जाता. परवा म्हणाली, "आई, ताप मोजायचं पण सूत्र असतं, एका मापातून दुसऱ्या मापात न्यायचं. वर्गात सगळ्यांना अवघड गेलं, मला पहिल्यांदा आलं." सांगताना तोंडावर असं काही होतं की मी चुलीवरचं दूध विसरले.

आणि मी? मी आठवीचं पुस्तक घेतलंय. दुपारी तीन वाजता लादी पुसून खडू घेऊन बसते. बाई येतात, गणित घालतात, पण पाठीला पाठ लावून बसायला कुणी नाही. जिंकले तरी नारळ मीच खवते आणि हरले तरी मीच. याला काय अर्थ आहे? "तुमचं चुकलं" म्हणून ओरडायला घरात माणूस हवं. तू तर बाय, शाळेत कधी कळलं नाही म्हणून फोनवर खुशाल हसतेस. तुझा कुठे पाय घसरला ते बघू या. मला तर वाटतं, कंसातच घसरला असणार.

म्हणून लवकर ये. शनिवारी येऊ नकोस, पाहुण्यांत बोलणं होत नाही. मधल्या वारी ये, चार दिवस राहायला ये, वही आणू नकोस, इथे लादी मोकळी आहे. काल नारळ काढले. देवाचा एक बाजूला ठेवला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक ठेवलाय, तोही मोजलेला नाही. बाईंनी बघितलं आणि विचारलं, "आता हा वजा दोन कसला?" मी म्हटलं, माझी भाची यायची आहे.